एवढा मोठा फोटो ठेवायचा कुठं?

सोलापुरातल्या पत्रकारितेच्या आणि फोटोग्राफीच्या वर्गांतल्या मुलामुलींना, आणि त्यांना मार्क देणाऱ्या सर-मॅडमना,

नमस्कार.

तुमच्यातले निम्मेअर्धे मला तोंडओळखीनं ओळखतात. 'मामा, उद्या सबमिशन आहे, आज रात्रीत मारून द्या' म्हणत पेनड्राइव्ह घेऊन स्टेशनजवळच्या ज्या दुकानात येता, तिथला मामा मी. फोटोच्या धंद्यात ३९ वर्षं झाली. आधी डार्क रूम, मग मिनीलॅब, आता सगळं डिजिटल. घरात तेलुगू, दुकानात मराठी, आणि अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की कानडी, अशी माझी भाषा. लिहायची सवय म्हणाल तर पासपोर्ट फोटोच्या पाकिटावर नाव लिहिण्यापुरती. पण जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा उठली की तुमच्या प्रोजेक्टचा सीझन लागतो. यंदा पेनड्राइव्ह यायच्या आधी चार शब्द बोलून घ्यावेत असं वाटलं.

विषय बहुतेक वेळा तोच असतो. दारिद्र्य आणि बेघर माणसं. या एका विषयाचे किती प्रिंट मारले त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. बारा बाय अठरा, मॅट, सनबोर्डवर चिकटवून. आता पेनड्राइव्ह लावायच्या आधीच आत काय असणार ते सांगू शकतो. सुरकुतलेला हात आणि त्यापुढं जर्मनची ताटली. भेगाळलेली टाच आणि मागून धूसर जाणारी गाडी. भिंतीवर फ्लॅटची जाहिरात आणि तिच्याखाली झोपलेला माणूस. हा शेवटचा फोटो दर वर्षी कुणीतरी काढतंच, आणि दर वर्षी त्याला वाटतं की हे आपल्यालाच सुचलं. खाली मथळा ठरलेला: 'चादरीच्या शहरात उघडा माणूस'.

अरे बाबांनो, सोलापुरी चादर किती जड असते ते तरी हातात घेऊन बघा. ती एकदा भिजली की लवकर वाळत नाही, आणि दिवसभर खांद्यावर घेऊन फिरता येत नाही. फुकट दिली तरी फूटपाथवर झोपणारा ती घेईल की नाही, शंका आहे. त्याच्या अंगाखाली फ्लेक्स असतो. कुणाच्या तरी वाढदिवसाचा, छापील बाजू खाली केलेला. ओल लागत नाही, गुंडाळला की काखेत मावतो, आणि आपल्या शहरात फ्लेक्सला तोटा नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. एकदा विचारलं, त्यानं सांगितलं.

आणि हे सगळं काळंपांढरं. मागं एकीला विचारलं, 'रंगीत का नको गं?' तर म्हणाली, 'मामा, कलरमध्ये त्या बाईची साडी लई छान दिसूलालीय. मार्क कमी पडतील.'

मी हसलो. पण तिला बोलायचा मला अधिकार नव्हता. का नव्हता, ते आधी सांगतो.

१८७७ सालच्या जुन्या गिरणीपासून ज्या भोंग्यांवर हे गाव उठलं आणि जेवलं, ते भोंगे एकेक करून बंद पडत होते तेव्हाची गोष्ट. दुकान नवं होतं, पोट भरत नव्हतं. एका दैनिकाला मी फोटो द्यायचो, छापून आला तर पैसे. एके दिवशी सकाळी सहाच्या सुमारास एका बंद गिरणीच्या गेटाबाहेर हातगाडीवर झोपलेला माणूस दिसला. डोक्याखाली चप्पल, तोंडावर टॉवेल अर्धवट सरकलेला, आणि मागं गेटाचं कुलूप. ऊन तिरकं येत होतं. माझ्यासारख्याला आणखी काय हवं? तीन फ्रेम घेतल्या आणि सायकल काढली. फोटो तीन कॉलम छापून आला. खाली लिहिलं होतं, 'गिरणी गेली, घरही गेलं'. मथळा माझा नव्हता. पण वाचून खूश झालो होतो, ते पान कापून दुकानात लावलं होतं.

आठवड्यानं तो माणूस दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल. मी ओळखलं नाही. मला वाटलं, पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक. तो भिंतीवरच्या कात्रणाकडं बघत म्हणाला, 'ह्यो तुम्हीच काढलाव का?'

त्याला घर होतं. चाळीत दहा बाय दहाची खोली, राहणारी माणसं सात. महिन्यापूर्वी थोरल्या पोराचं लग्न झालं होतं. घरात नवी सून आली, तेव्हापासून हा बाहेर झोपायला जायचा. जुन्या ओळखीचा वॉचमन गेटावर होता म्हणून तिथं. पोरीचं जमत आलं होतं. मुलाकडच्यांनी पेपर बघितला आणि निरोप पाठवला की ज्या पोरीचा बाप रस्त्यावर झोपतो, तिथं सोयरीक नको.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं वरच्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि विचारलं, 'निगेटिव्ह केवढ्याला द्याल?'

मी म्हणालो, निगेटिव्ह पेपरच्या ऑफिसात असते. खोटं बोललो. ती काउंटरच्या ड्रॉवरमध्ये होती, माझ्या गुडघ्याला लागून. का खोटं बोललो, ते आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक तो माझा तोवरचा सगळ्यात चांगला फोटो होता म्हणून. तो 'बरं' म्हणाला, नोटा परत खिशात घातल्या आणि गेला.

त्या माणसाचं घर गेलं नव्हतं. घरात जागा नव्हती. ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दुसरं दुखणं या शहरात पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त घरांत आहे. माझ्या कॅमेऱ्यातून दोन्ही सारखीच दिसली.

म्हणून गेल्या वर्षी मंगळवेढ्याची एक मुलगी बारा फोटो घेऊन आली, तेव्हा मी मशीन सुरू करायच्या आधी थांबलो. पाचवा फोटो एका म्हातारीच्या हाताचा होता. नुसता हात, मांडीवर ठेवलेला. फोकस सुरेख. मथळा: 'भिकारीण, एसटी स्टँड परिसर'. मी स्क्रीनवर फोटो मोठा केला. अंगठ्याचं नख एका बाजूनं झिजलेलं, जणू कानशीनं घासलंय.

'ही विडीवाली आहे,' मी म्हणालो.

शहराच्या आमच्या पूर्वभागात हे नख लहानपणापासून बघितलंय. मांडीवर सूप घेऊन हजार विड्या वळायच्या, प्रत्येकीचं तोंड नखानं मिटवायचं, तीस-चाळीस वर्षं. माझ्या आईचंही नख असंच होतं. विडी कामगारांच्या ओळखपत्राचे कितीतरी फोटो मी स्वतः काढलेत. या बाईचाही काढला असेल.

मुलीनं विचारलं, मग भिकारीण लिहू नको का? मी म्हणालो, तू तिला काही मागताना बघितलंस का? ती म्हणाली, नाही, पायरीवर बसली होती. मी प्रिंट मारला, आणि त्याच फोटोचा आणखी एक मारला, तेवढ्याच साइझचा. म्हटलं, हा माझ्याकडून. नेऊन तिला दे.

मला वाटलं होतं, पोरगी टाळेल. तिनं त्यात तीन रविवार घातले.

पहिल्या रविवारी ती पायरी होती, म्हातारी नव्हती. त्या बंद दुकानाच्या पायऱ्यांवर कुणी बसू नये म्हणून लोखंडी अँगल ठोकले होते. टोकं वर. चहावाल्यानं सांगितलं, सिव्हिल हॉस्पिटलकडं बघ. दुसऱ्या रविवारी रात्री ती मैत्रिणीला घेऊन सिव्हिलला गेली. भिंतीच्या कडेनं माणसंच माणसं झोपलेली. तिनं एकेकाला विचारलं. मोहोळचे, अक्कलकोटचे, इंडीचे, आळंदचे. सगळे पेशंटचे नातेवाईक. वॉर्डात एकालाच थांबता येतं, बाकीचे बाहेर. लॉज परवडत नाही. तिच्या वर्गातल्या एकानं याच भिंतीचा फोटो 'बेघरांची रांग' म्हणून लावला होता. त्या रांगेत एकही बेघर नव्हता.

तिसऱ्या रविवारी दुपारी म्हातारी सापडली, अक्कलकोटहून आलेल्या एसटीतून उतरताना.

आता ही गंमत ऐका. पंचाहत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट आहे. म्हातारीकडं आधार कार्ड होतं, त्यावर वय होतं. सकाळी ती अक्कलकोटची गाडी धरायची, स्वामींच्या अन्नछत्रात जेवायची आणि दुपारच्या गाडीनं परत यायची. पोरीनं विचारलं, आज्जी, रोज एवढा प्रवास कशाला? ती म्हणाली, 'गाडीत बसाय मिळतंय की. कोण ऊठ म्हणत नाही.'

या एका वाक्यात जे आहे, ते मी मारलेल्या शेकडो प्रिंटांत नाही. आणि त्या वाक्याचा फोटो निघत नाही, हीसुद्धा एक अडचण आहेच.

पोरीनं तिला फोटो दिला. म्हातारीनं तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला. मग म्हणाली, 'हात माझाच हाय. तोंड कुठाय?' पोरगी गप्प. म्हातारीनं फोटो उलटा केला, सुलटा केला, सनबोर्डवर टिचकी मारली. 'आणि एवढा मोठा ठेवू कुठं गं?'

मला हे तिनं दुकानात येऊन सांगितलं तेव्हा मी खुर्चीत बसलो. आयुष्यभर प्रिंट मारतोय, पण बारा बाय अठराला भिंत लागते हे कधी डोक्यात आलं नव्हतं. भिंत म्हणजे खिळा, खिळा म्हणजे घर. ज्याच्याकडं एक पिशवी आहे, त्याला पिशवीत मावेल तेवढाच फोटो पाहिजे.

म्हातारीला पासपोर्ट साइझ पाहिजे होता. सरकारच्या श्रावणबाळ योजनेच्या फॉर्मला लावायला. पासष्टच्या पुढच्या निराधार माणसाला महिना १५०० रुपये मिळतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, रहिवासी दाखला लागतो. तिचा पोरगा यंत्रमागावर होता. इथलं काम तुटल्यावर भिवंडीला गेला, जाताना भाड्याची खोली सोडली आणि रेशनकार्ड घेऊन गेला. तेव्हापासून आधारवर जो पत्ता आहे तिथं दुसरेच लोक राहतात. पंचाहत्तर पूर्ण झाल्याचा पुरावा तिच्याकडं आहे, सोलापूरची असल्याचा नाही. जन्म इथं, लग्न इथं, विड्या इथं वळल्या.

मग ती दुकानात आली. आधी आरशासमोर गेली. कंगवा नको म्हणाली, पदरच नीट घेतला, दोनदा. स्टुलावर अशी ताठ बसली की मला कॅमेरा वर घ्यावा लागला. पोरगी बाजूला पांढरा थर्माकोल धरून उभी. मी आठ कॉप्या काढल्या. म्हातारीनं सहा प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डाबरोबर ठेवल्या, एक पोरीला दिली, आणि एक माझ्याकडं सरकवली. 'राहू द्या. फॉर्म हरवला तर लागंल.' पोरीनं विचारलं, आज्जी, हा फोटो आमच्या प्रदर्शनात लावू का? 'नको. फॉर्मचा फोटो फॉर्मलाच.'

पोरीनं हाताचा फोटो काढून टाकला. प्रदर्शनात तिनं पायरीवरचे अँगल लावले, सिव्हिलची भिंत लावली, प्रत्येकाचं गाव आणि आत कोण दाखल आहे ते लिहून, त्यांना विचारून. आणि एसटीचं शून्य रुपयांचं तिकीट. कुणाचंही तोंड नाही, कुणाचीही टाच नाही. मार्क किती पडले ते तिनं मला सांगितलं, मी इथं लिहीत नाही. शेरा होता, 'इम्पॅक्ट कमी.'

सर, मॅडम, हा इम्पॅक्ट कुणावर मोजता? बघणाऱ्यावर की ज्याचा फोटो आहे त्याच्यावर? माझ्या हातगाडीवाल्या फोटोचा इम्पॅक्ट जबरदस्त होता. एक लग्न मोडलं.

त्याच मुलीनं मला अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली, तुमच्या अभ्यासक्रमात असेल. १९३६ साली तिकडं मंदीत डोरोथिया लँग नावाच्या बाईनं कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या तळावर एका आईचा, पोरं खांद्याला बिलगलेली असताना, फोटो काढला. जगात गाजला. पेपरात आल्यावर सरकारनं त्या तळावर अन्न पाठवलं. तोवर ती आई तिथून पुढं गेली होती. लँगबाईंनी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं, असं त्यांनीच पुढं लिहिलं. नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये, फ्लॉरेन्स थॉम्पसन. तेव्हा ती म्हणाली की या फोटोतून मला एक पैसा मिळाला नाही. लँगबाई मोठ्या होत्या, त्यांच्या कामानं पुष्कळांचं भलंही झालं, ते मी नाकारत नाही. पण बेचाळीस वर्षं! आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा फोटो दोन दिवस उशिरा दिला तरी शिव्या बसतात.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याचा फोटो काढाल, त्याला तो नेऊन द्या. त्याच्या पिशवीत मावेल अशा साइझमध्ये. बाकी काही पाळलं नाही तरी चालेल, कारण हे एक पाळायला गेलात की बाकीचं आपोआप गळ्यात पडतं. नेऊन द्यायचा तर नाव विचारावं लागतं. नाव विचारायचं तर तो जागा असावा लागतो. पुन्हा शोधायला गेलात आणि तो तिथं नसला, तर कुणी उठवला, कुठं गेला, का गेला, हे विचारत फिरावं लागतं. तुमच्या पुस्तकात ज्याला पत्रकारिता म्हणतात ती तिथून सुरू होते, असं मला आपलं वाटतं. बटण दाबणं हे माझ्यासारख्या दहावी नापासालाही येतं.

मथळ्यांचं मात्र थोडं सविस्तर बोलतो, कारण त्यात तुम्ही नकळत लोकांना गोत्यात आणता.

'भिकारी' हा शब्द आपल्याला साधा वाटतो. आपल्या राज्यात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. पोलिस वॉरंटशिवाय धरू शकतात, आणि कोर्टानं ठरवलं तर एक ते तीन वर्षं डांबून ठेवता येतं. भीक मागणं म्हणजे नुसता हात पसरणं नाही. पोट भरण्याचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणं हेसुद्धा त्याच व्याख्येत बसवलंय. दिल्लीत २०१८ साली तिथल्या हायकोर्टानं या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. म्हणजे तुम्ही पायरीवर बसलेल्या विडीवालीखाली 'भिकारीण' लिहिता, तेव्हा तिच्यावर गुन्ह्याचा आरोप ठेवता. तोही दीड फूट लांब.

'बेघर' हा शब्दही तसाच सैल वापरता. गड्ड्याच्या दिवसांत होम मैदानावर पाळण्याखाली, खेळण्यांच्या ढिगाशेजारी झोपणारे यात्रेचे व्यापारी असतात. हंगामात उसाच्या फडाशेजारी कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोड टोळ्यांचं बीडकडं घर असतं, कुलूप लावून आलेलं. मध्येच एखादा खरा बेघर असतो, आणि तो बहुतेक वेळा सगळ्यात नीटनेटका दिसतो, कारण मळका दिसला की त्याला हॉटेलात पाणी मिळत नाही. खानेसुमारीवाले २०११ मध्ये बेघरांची गणना करायला एका रात्रीत फिरले होते, २८ फेब्रुवारीच्या. देशात १७ लाख ७३ हजार भरले. एका रात्रीत मोजलेली माणसं ती. माझी विडीवाली त्या रात्री कुणाच्या तरी ओसरीवर असती, तर?

आणि सेटलमेंटकडं, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना जिथं कोंडलं होतं त्या वस्तीकडं, कॅमेरा घेऊन जाताना जरा सांभाळून. तिथले म्हातारे कॅमेरा बघून तोंड फिरवतात, तुम्ही म्हणता लोक सहकार्य करत नाहीत. त्यांच्या आज्या-पणज्या तारेच्या कुंपणात राहिल्यात. १८७१ पासूनचा गुन्हेगार जमातींचा कायदा, रोज हजेरी, परवानगीशिवाय बाहेर पाऊल नाही. तो कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. न विचारता त्यांची नोंद करणारे लोक त्यांनी तुमच्या आधी पुष्कळ बघितलेत.

लहान पोरांचे फोटो तर मी यंदापासून मारणारच नाही, आधीच सांगून ठेवतो. सिग्नलला फुगे विकणारी, स्टेशनवर झोपलेली. २०१५ च्या बालन्याय कायद्यात बिनघराचं, रस्त्यावर राहणारं मूल हे 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' धरलंय, आणि अशा मुलाची ओळख पटेल असा फोटो छापला तर कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं, असं समजू नका. शाळेचा शर्ट, शेजारी आई, मागं ओळखीचं दुकान, एवढ्यावर पोर ओळखता येतं.

मग काढायचं काय, असं विचाराल. मी काही गुरुजी नाही, पण दुकानात बसून विचार करायला वेळ असतो.

२०१३ साली सुरू झालेल्या शहरी उपजीविका अभियानात निकष होता की दर एक लाख लोकसंख्येमागं निदान शंभर माणसांच्या कायमच्या निवाऱ्याची सोय पाहिजे, बारा महिने चोवीस तास. त्याच्यामागं सुप्रीम कोर्टाचे २०१० चे आदेश आहेत. आपलं शहर २०११ च्या खानेसुमारीत साडेनऊ लाखांचं होतं. म्हणजे निदान नऊशे माणसांची सोय. जा, निवारे मोजा. प्रत्येकाच्या दाराचा फोटो काढा, रात्री दहाला आणि पहाटे चारला. आत जागा आहे का, बायकांसाठी वेगळी सोय आहे का, नवराबायको आली तर काय करतात, ते विचारा. जे निवाऱ्यात जायला नको म्हणतात, ते का नको म्हणतात, तेही.

दुसरं. बेघर माणसाला मतदार यादीत नाव घालायला पत्त्याचा कागद लागत नाही, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? फॉर्म ६ मध्ये तो जिथं झोपतो ती जागा लिहायची. मग बीएलओनं, म्हणजे त्या भागातल्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या सरकारी माणसानं, रात्री तिथं जाऊन बघायचं, एकापेक्षा जास्त रात्री, की हा खरंच इथं झोपतो का. खात्री झाली की पुरे. रात्री अकरा वाजता एक सरकारी माणूस टॉर्च घेऊन फलाटाच्या टोकाला, कुणी झोपलंय का बघतोय! असा फोटो मी अजून एकदाही मारलेला नाही. निघतच नसेल, तर का निघत नाही, ती बातमी.

तिसरं, उन्हाळा. तुम्ही सगळे जानेवारीत जाता, कारण थंडीत पांघरूण दिसतं. सोलापुरात थंडी असते ती किती? मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो आणि फूटपाथ मध्यरात्रीपर्यंत गरम राहतो. आपल्याच नळाला काही दिवसांआड पाणी, तर नळ नसलेल्याला कोण देतं, कितीला देतं? पण तेव्हा तुमच्या परीक्षा असतात.

आणि कुंभारीला कुणीच का जात नाही? विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, यांच्यासाठी तिथं रे नगरची ३० हजार घरं ठरली, त्यातली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली. चाळीस वर्षं भाड्यानं राहिलेली बाई स्वतःच्या दाराला स्वतःचं कुलूप कसं लावते, हप्ता कसा भरते, गावापासून लांब गेल्यावर कामाला कशी येते. त्यात अडचणी आहेत, भांडणं आहेत, आणि रंग आहेत. काळंपांढरं करायची गरज पडणार नाही.

सर-मॅडमना एक विनंती. शंभरातले पंचवीस मार्क फोटो पोचवल्याला ठेवा. विद्यार्थ्यानं नेऊन दिलेल्या प्रिंटाची पोच दाखवायची. सही नको, त्या माणसानं फोटो बघून काय म्हटलं ते एक ओळीत लिहायचं. सापडला नाही तर किती वेळा गेला, कुणाकुणाला विचारलं, ते लिहायचं. न सापडल्याचे मार्क कापू नका, त्याचेच जास्त द्या.

माझ्याकडून सोय अशी. ज्याचा फोटो काढला त्याला द्यायचा प्रिंट, चार बाय सहा किंवा पासपोर्ट, मी फुकट मारून देईन. कागद माझा, शाई माझी. पाकिटावर नाव मात्र तुम्ही लिहायचं, त्यानं किंवा तिनं सांगितलेलं, आडनावासकट. 'वृद्ध महिला' असं लिहिलेलं पाकीट मी परत करणार. फॉर्मसाठी फोटो पाहिजे असेल तर माणसालाच दुकानात घेऊन या, पैसे लागत नाहीत. पायऱ्या तीन आहेत, हात धरायला मी येतो.

ता.क. : हातगाडीवरची ती निगेटिव्ह अजून ड्रॉवरमध्येच आहे, पाकिटात, आता तिच्या शेजारी म्हातारीची आठवी कॉपी आहे. पाकिटावर नाव नाही, कारण मी विचारलं नव्हतं. चाळ पाडली, तिथले लोक पांगले. मी दोनदा जाऊन आलो. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा गिरणीत होते, पेपरात एकदा फोटो आला म्हणून घरात त्यांच्या लेकीच्या लग्नाचा काही किस्सा सांगतात, असं असेल तर त्यांना सांगा, निगेटिव्ह तयार आहे. पैसे नकोत. मंगळवारी दुकान बंद असतं.

तुमचा,
स्टेशनजवळचा फोटोवाला मामा